तू बातम्या का वाचतेयस?

परवा ग्वाल्हेरच्या आत्याचा फोन आला. ऐंशी ओलांडलीये, पण कान अजून खणखणीत आहेत, समोरच्याच्या घरात कुकरची शिट्टी कितवी झाली तेसुद्धा तिला फोनवर कळतं. नेहमीचं सगळं बोलून झालं, तिचा गुडघा, कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, आणि मग मी तिला माझ्या हाताचं सांगायला लागले, की डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिलाय, रात्रीच्या मुंग्या जरा कमी आहेत, तेवढ्यात ती मधेच म्हणाली, "काय गं, तू बातम्या का वाचतेयस?" मला काही कळेना. "अगं असं एकेक शब्द तोडून तोडून, सावकाश. मी बहिरी झालेय का? का तुलाच बरं नाहीये?" मी हसून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. कारण म्हातारीने बरोबर पकडलं होतं. मी तिला "मला आता बरे वाटत आहे" असं म्हणाले होते. आमच्या घरात आजपर्यंत कुणाला बरे वाटत आहे असं झालेलं नाही. बरं वाटतंय, नाहीतर बरं नाही वाटत.

ही बोलायची तऱ्हा लॅपटॉपमुळे आली. झालं असं की उजव्या हाताचा अंगठा आणि बाजूची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली, झोपेतून उठून हात झटकत बसायचं, सकाळी चहाचा कप धरवत नाही. डॉक्टर म्हणाले कार्पल टनेल, मनगटात एक अरुंद बोगदा असतो त्यातून नस जाते, आजूबाजूला सूज आली की ती दाबली जाते, वगैरे. की-बोर्ड बंद. आता पुण्याच्या एका दिवाळी अंकासाठी मी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यावर लिहायचं कबूल करून बसलेले, आणि संपादकांचे फोन सुरू झालेले. तेव्हा बेंगळुरूच्या भाच्याने तिथूनच माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि म्हणाला, "मावशी, आता फक्त बोल. तसंही तू बोलतेसच."

मी बोलले. पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं, कित्येक दिवस घोळवलेलं. ओटीवर काकू गहू निवडत बसलेल्या असायच्या आणि आत माजघरात अंधार असायचा. मी अगदी छान, भाव ओतून म्हणाले. स्क्रीनवर आलं: ओटीपी वर काकू गहू निवडत बसलेल्या असायच्या आणि आत माझं घरात अंधार असायचा. मी हसले. मग पुन्हा म्हणाले, जरा जोरात, जसं आपण परदेशी माणसाशी बोलताना उगाच जोरात बोलतो. पुन्हा ओटीपी. न्हाणीघराचं झालं नाही घर, आणि पोह्यांवर भुरभुरायचं आमचं जिरावन, त्याचं प्रत्येक वेळी जीवन. शेव आणि जीवन घालून पोहे. इंदूरच्या माणसाला यात फार काही चूक वाटणार नाही म्हणा.

गंमत दोन दिवस टिकली. नंतर राग यायला लागला, आणि तो राग विचित्र असतो, कारण तो काढायचा कुणावर. एकदा मी चिडून म्हणाले, "अरे गाढवा, ओटी!" तर ते त्याने एकही काना मात्रा न चुकता लिहिलं, फक्त ओटीच्या जागी पुन्हा ओटीपी. पूर्णविराम म्हटलं की हा "पूर्णविराम" असा अक्षरी शब्द लिहितो. नवीन ओळ म्हटलं की त्याच ओळीत "नवीन ओळ". ते खोड म्हटलं तर "ते खोड", जसं काही मी झाडाबद्दल सांगतेय. मग डाव्या हाताने एका बोटाने ते सगळं पुसत बसायचं, म्हणजे लिहायचं तोंडाने आणि खोडायचं हाताने, आणि खोडणं लिहिण्याच्या दुप्पट. डॉक्टरांनी डाव्या हाताबद्दल काही म्हटलेलं नाही अजून.

भाच्याला विचारलं की हा असं का करतो, तर त्याने जे सांगितलं ते मला बरेच दिवस पुरलं. तो म्हणाला मावशी, त्याला शब्द ऐकूच येत नाहीत. माइकमधून आलेल्या आवाजाचे तो बारीक बारीक तुकडे करतो, सेकंदाला साधारण शंभर, प्रत्येक तुकड्यात कुठला ध्वनी असेल याचा अंदाज बांधतो, आणि मग आधीच्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त ते बघतो. म्हणजे अर्धं ऐकतो आणि अर्धं ताडतो. जे त्याने शिकताना जास्त वेळा बघितलंय ते त्याला जास्त खरं वाटतं. आता सांगा, आजच्या मराठीत ओटी जास्त वेळा येते का ओटीपी? माझं घर हे शब्द दिवसातून किती लोक किती वेळा लिहीत असतील, आणि माजघर कोण लिहितं? ज्यांच्याकडे होतं ते लोक गेले, घरं पाडून फ्लॅट झाले, आमच्याच वाड्याच्या जागी आता चार मजले उभे आहेत आणि खाली पार्किंग. यंत्राला मी मोडकळीला आलेल्या घराचे शब्द सांगत होते आणि ते मला आजच्या बाजारातला भाव सांगत होतं. त्याच्या हिशोबाने तेच बरोबर होतं, हे जास्त लागलं.

आणि त्यात आमची मराठी इंदूरची. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशात आठ कोटी तीस लाख, त्यातले मध्य प्रदेशात बारा लाखांच्या आसपास. शक्यतेचाच खेळ असेल तर आमची शक्यता आधीच बेताची. आम्ही किल्लीला चाबी म्हणतो, कपाटाला अलमारी, आणि कुणाला परत बोलवायचं तर वापस ये. वापस ये म्हटलं की स्क्रीनवर "वापर ये". मधेच भाजीवाल्याचं वाक्य आलं की ते हिंदीतच येणार, भिया सही भाव लगाओ हे मराठीत कसं सांगू, तर तिथे तो मराठीचा सेटिंगवाला गांगरून जातो आणि "सही भाव लागू" असं काहीतरी सरकारी लिहितो. हिंदीचं सेटिंग करून बघितलं तर तिकडे आमच्या आहेचं "आह है" झालं, ळ तर पार गायबच. लिपी एकच असल्यामुळे तो मधल्यामधे भाषा बदलत असेल अशी माझी भाबडी समजूत होती. नाही बदलत. एक काहीतरी निवडा म्हणतो. आम्हाला हे शाळेपासून सगळेच म्हणत आलेत, एक काहीतरी निवडा.

म्हणजे हे काही यंत्राने सुरू केलेलं नाही. लहानपणी मे महिन्यात पुण्याला मामाकडे गेलं की मामेभावंडं आमच्याकडून मुद्दाम वाक्यं वदवून घ्यायची आणि हसायची. २००१ मध्ये इंदूरला साहित्य संमेलन भरलं होतं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, गावात नुसती धामधूम, आम्ही बायका स्वागताला, जेवणाला, पुस्तकांच्या स्टॉलवर. इंदूरला संमेलन काही पहिल्यांदा नव्हतं, १९१७ मध्ये झालेलं, १९३५ मध्ये झालेलं, पण आमच्या पिढीने बघितलेलं हेच. तेव्हा बाहेरून आलेल्या एक बाई माझ्याशी पाच मिनिटं बोलून कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं बाहेर राहून मराठी छान टिकवली आहे हो." मी थँक्यू म्हटलं. बाहेर म्हणजे कुठून बाहेर, असं रात्री आलं मनात. होळकरांबरोबर आलेली घरं आमची, आम्ही कुठे गेलोच नव्हतो. पण त्या बाई वाईट नव्हत्या, चांगल्याच होत्या, जाताना मला आग्रहाने पत्ता दिला. यंत्रही वाईट नाही. दोघांनाही मी ऐकू येत होते, फक्त त्यांनी आधी जे ऐकलं होतं त्याच्यात बसवून.

मग मीच बदलायला लागले, आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

वाक्य छोटं करायचं. शब्दाशब्दांत जागा सोडायची. चाबी येणार असेल तर आधीच किल्ली म्हणायचं म्हणजे खोडावं लागत नाही. केलं म्हटलं तर हा "केले" लिहितो, झालं म्हटलं तर "झाले", डोक्यावरचे सगळे टिंब नंतर मला एकेक करून द्यावे लागतात, तर जाऊ दे, केलेच म्हणू. आमच्या आजोबांच्या पत्रांत अनुस्वारांचा नुसता सडा असायचा, साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हा त्यातले बरेच गेले, पण आजोबा शेवटपर्यंत देत राहिले, म्हणायचे हात ऐकत नाही. माझं उलटं, हात दुखतो म्हणून मी राहिलेलेही सोडत होते. आणि संध्याकाळी लॅपटॉप बंद केला तरी तोंड बंद होत नव्हतं, ते तसंच चालू राहायचं, भाजीवाल्याशी, यांच्याशी, आत्याशी.

मी जरा वाचलं या बोललेलं लिहून घेणाऱ्या यंत्रांबद्दल. १९५२ साली अमेरिकेत बेल लॅब्जने ऑड्री नावाचं एक यंत्र केलं, ते फक्त आकडे ओळखायचं, आणि तेही मुख्यतः ज्याच्या आवाजावर बेतलं असेल त्याचेच. मग १९६२ मध्ये आयबीएमचं शूबॉक्स, सोळा शब्द, त्यातले दहा आकडेच, बाकी अधिक उणे वगैरे. १९९० ला ड्रॅगन डिक्टेट आलं, त्याची किंमत नऊ हजार डॉलर, आणि त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. शब्द, थांबा, शब्द, थांबा. सात वर्षांनी त्याच कंपनीने न थांबता बोलायची सोय केली आणि नाव ठेवलं नॅचरली स्पीकिंग. मराठीला मग वीस वर्षं वाट बघावी लागली, गूगलने २०१७ मध्ये बोलून टाइप करायला आठ भारतीय भाषा एकदम आणल्या त्यात आपण होतो. माझ्याकडचं सॉफ्टवेअर दुसरं आहे, पण काळ तोच, सगळं न थांबता बोलण्याच्या नंतरचं. आणि मी इथे राजेंद्र नगरात बसून १९९० सालासारखी शब्द, थांबा, शब्द, थांबा करतेय.

बरं, थांबा म्हणावं तर थांबूही देत नाही. हा एक वेगळाच त्रास. लिहिताना आपण मधे गप्प बसतो, खिडकीतून बघतो, पुढचं वाक्य येईपर्यंत बोट की-बोर्डवर नुसतं ठेवतो. इथे गप्प बसलं की माइकचा लाल ठिपका थोडा वेळ वाट बघतो आणि जातो. पुन्हा चालू करा. मग तो जाऊ नये म्हणून मी "हं, तर मग, म्हणजे" असं काहीही बोलत राहायची, ते तो इमाने लिहायचा. सकाळी कचऱ्याची गाडी येते, इंदूरमध्ये ती यायची चुकत नाही, २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर होता आमचा, तिचा भोंगा खिडकीखाली आला की त्या गाण्यातले दोनचार शब्द वाड्याच्या वर्णनात. पंखा चालू ठेवला तर घोळ, बंद ठेवला तर मी घामाघूम.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरभर ऐकू जातं. लिहिणं ही गुपचूप करायची गोष्ट आहे हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. कच्चं वाक्य, जे आपण पाच वेळा बदलणार आहोत, ते मोठ्याने म्हणायचं, आणि बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचतायत, पलीकडे सासूबाई वाती वळत बसल्यात. वाड्यातल्या सासवा-सुनांबद्दल दोन बोचरी वाक्यं होती, मनात पक्की होती, तोंडातून बाहेरच येईनात. मी दार लावलं. तर सासूबाई दाराशी येऊन, "अगं, कोणाशी भांडतेयस?" तेही लिहिलं गेलं. ती बोचरी वाक्यं शेवटी लेखात गुळमुळीत होऊन आली, आणि त्याचा दोष मी कुठल्याच सॉफ्टवेअरला देऊ शकत नाही.

तेव्हा बाबांची आठवण झाली. मी कॉलेजात असताना त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवसचे दिवस पडून राहावं लागायचं, डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायचं नाही लिहायचं नाही. तर ते मला समोर बसवून पत्रं सांगायचे. निळं अंतर्देशीय पत्र, मांडीवर पाट, आणि बाबा छताकडे तोंड करून. त्यातलं एक आत्यालाच होतं, वडिलोपार्जित जमिनीवरून काहीतरी चाललं होतं. बाबा सांगायचे, "लिही, तुझे पत्र पोचले. तिला काय अक्कल आहे का, हे नको लिहू. लिही, मजकूर समजला. तिच्या नवऱ्याने भरवलंय हे सगळं, हे लिहू नको. लिही, यावर सवडीने बोलू." दहा मिनिटं बोलायचे आणि पत्रात चार ओळी व्हायच्या. मला त्यांच्या आवाजावरून कळायचं कुठलं लिहायचं आणि कुठलं नुसतं ऐकून घ्यायचं. नंतर नंतर ते "नको लिहू" म्हणायचेसुद्धा नाहीत. कधी ते रागाने एखादं वाक्य सांगायचे आणि मी ते जरा वळवून लिहायची, मग वाचून दाखवताना ते थांबायचे, ओळखायचे, आणि काही बोलायचे नाहीत. "ठीक आहे, चिकटव."

होळकरांच्या दप्तरात मोडी लिहिणारे कारकून बसायचे त्यांचंही असंच असणार असं मला वाटतं. सरदार तोंडाने काय वाटेल ते बोलत असेल, कागदावर शेवटी यायचं बहुत काय लिहिणे. सांगून लिहवणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही, पूर्वी तर तसंच लिहायचे बरेच लोक. फक्त तेव्हा समोर माणूस होता आणि त्याचं अर्धं काम न लिहिण्याचं होतं. माझं यंत्र सगळं लिहितं. खोकला सोडून सगळं. त्याला कुणी काय म्हटलं ते ऐकू येतं, ते का म्हटलं हे नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही मी करू नये बहुतेक, बिचाऱ्याचा तो धंदाच नाही.

हे सगळं लिहिल्यावर हेही सांगायला पाहिजे की एक दुपार अशी आली, सासूबाई झोपलेल्या, हे बँकेत गेलेले, पाऊस नुकताच थांबलेला, आणि मी काकूंबद्दल बोलायला लागले ते थांबलेच नाही. डोळे मिटून बोलत होते. उघडले तर दीड-दोन पानं भरलेली, हात मांडीवर नुसता पडलेला, अजिबात न दुखता. चुका होत्याच, ओटीपी होताच, पण बाकी सगळं सरळ होतं, ऱ्हस्व-दीर्घ तर माझ्यापेक्षा चांगलं, मी कितीतरी वर्षं चुकीची लिहीत आलेली वेलांटी त्याने परस्पर सुधारली होती. ज्यांचे हात कायमचेच चालत नाहीत त्यांना हे किती मोठं असेल ते त्या दुपारी कळलं. मी लॅपटॉपला नमस्कार वगैरे केला नाही, पण शिव्याही बरेच दिवस दिल्या नाहीत.

लेख गेला. आठवड्याभराने संपादकांचा फोन. खूष होते. म्हणाले, "या वेळेला भाषा एकदम स्वच्छ आलीये हो, आम्हाला काही करावंच लागलं नाही. मागच्या वेळी ते हिंदी हिंदी वाटत होतं जरा, आठवतं ना?" मला आठवत होतं. मागच्या वेळी त्यांनी बरंच काही लाल केलं होतं आणि मी फोनवर तासभर भांडले होते. या वेळी भांडायला काही उरलंच नव्हतं. बरं वाटलं का, तर हो, वाटलं, खोटं कशाला बोला. मग प्रूफं आली आणि मी काकूंच्या तोंडचं वाचायला घेतलं. काकू, ज्या जन्मभर रामबागेतून राजवाड्यापलीकडे फारशा गेल्या नाहीत, ज्या मला "अगं अलमारीत बघ, नाही मिळाली चाबी तर वापस बघ, जाईल कुठे" असं म्हणायच्या, त्या काकू तिथे म्हणत होत्या, "कपाटात पहा, किल्ली सापडली नाही तर पुन्हा पहा." हे मीच बोलले होते माइकमध्ये, माझ्याच तोंडाने. यंत्राने त्यात काहीच बदललं नव्हतं.

संपादकांकडून मुदत मागून घेतली. त्यांना वाटलं मजकूर वाढवायचा असेल, मीही काही बोलले नाही. आता रोज दुपारी माइक बंद करून काकूंचं बोलणं मी हाताने टाइप करतेय, उजव्याच, एकेक वाक्य, पट्टा काढून. सावकाश होतंय. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.